समोरची गिरणी

चर्चमधला लग्नाचा विधी साडेअकराला आटोपला आणि बारा वाजेपर्यंत न्तांडूंच्या तेलगिरणीचं अंगण माणसांनी भरून गेलं. सिंगिडा शहराचा वारा सकाळपासून मांडवाशी झोंबत होता. निळं-पांढरं कापड फुगायचं, खाली बसायचं, आणि दोऱ्या धरून उभे राहिलेले हमाल एकमेकांची टिंगल करत पुन्हा खुंट्या ठोकायचे. गिरणी आज बंद होती. मे महिन्यात, सूर्यफुलाच्या ऐन हंगामात एक दिवस घाणा थांबवायचा, म्हणजे एरवी विल्ब्रॉडच्या जिवावर आलं असतं. यंदा तसं काही वाटलं नाही, आणि वाटलं नाही याचंच त्याला वाईट वाटत होतं.

भिंतीलगत जेमतेम चाळीस पोती बी होतं. वडील, झकायो न्तांडू, होते तेव्हा या दिवसांत अंगणात खुर्ची ठेवायला जागा नसायची. आपला नंबर लागेपर्यंत शेतकरी पोत्यांवरच झोपायचे. आता मार्चपासून दार-एस-सलामच्या कंपनीनं डोडोमा रस्त्यावर खरेदी केंद्र उघडलं होतं. किलोमागे शंभर शिलिंग जास्त, आकडे दाखवणारा काटा, जागेवर पैसे. या भागातल्या बाराही गिरण्यांसमोरचे ढीग खुजे झाले होते. समोरच्या गिरणीसमोर किती पोती आहेत ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं. ती गिरणी त्याच्या चुलतभावाची, बोनिफासची. रोज दिसायची, पण तिकडे पाहायचं नाही, असं चौदा वर्षं चाललं होतं.

"स्कोलाचे बाबा."

एमिलियाना मागच्या चुलींपाशी चाललेला पुलाव सोडून आली होती. घरातल्या सगळ्या बायकांनी आज एकाच छापाचं पिवळं कापड नेसलं होतं. तिच्या कापडावर आत्ताच मसाल्याचा डाग पडला होता.

"तुमच्या कोटाच्या खिशात पेन कशाला आहे?"

"असू दे की."

"आपल्या लग्नातसुद्धा तुम्ही पेन आणलं नव्हतं. फादरांचं मागून सही केली होती."

विल्ब्रॉडनं इकडेतिकडे पाहिलं. नवरी झालेली त्यांची लेक स्कोला पांढऱ्या झग्यात मैत्रिणींबरोबर फोटो काढून घेत होती. त्यानं बायकोला भिंतीच्या आडोशाला नेलं.

"फोर्टुनाटा कागद घेऊन येतेय. तिचे साहेब बरोबर आहेत. कंपनी गिरणी विकत मागतेय. अठरा कोटी शिलिंग."

"घाण्यासकट?"

"घाणा, शेड, जागा, नाव. आणि मला खरेदी केंद्रावर मॅनेजर करणार. बारा महिने पगार." त्यानं घाण्याच्या शेडकडे पाहिलं. "ऑक्टोबरात बी संपतं. तिथून एप्रिलपर्यंत मी बंद गिरणीसमोर खुर्ची टाकून बसतो. तू पाहतेस ना?"

एमिलियानानं पाहिलं होतं. त्या सहा-सात महिन्यांत नवऱ्याचं बोलणं हळूहळू कमी व्हायचं, हेही तिनं पाहिलं होतं.

"कागदावर तुम्ही तिघं," ती म्हणाली. "तुम्ही, फोर्टुनाटा आणि आत्या. माझं नाव नाही, म्हणून मला सांगितलं नाहीत?"

"सांगणारच होतो."

"केव्हा? केक कापून झाल्यावर?"

तेवढ्यात फाटकात कंपनीची पांढरी गाडी शिरली आणि विल्ब्रॉडची सुटका झाली.

*

विल्ब्रॉडची बहीण फोर्टुनाटा गाडीतून उतरली ती थेट आत्याच्या खोलीत गेली. पास्कालिना आत्या पलंगावर बसून पायात मोजे चढवत होती. झकायोची ही धाकटी बहीण. चाळीस वर्षांपूर्वी बस-स्टँडवर सोड्याच्या रिकाम्या बाटल्यांत सूर्यफुलाचं तेल भरून हिनं विकलं, म्हणून गिरणी उभी राहिली, हे घरात सगळे मानत. स्वतः ती फारसं बोलून दाखवत नसे.

"शिकामो, आत्या," तिनं वाकून नमस्कार केला.

"मरहबा, बाळ. ये." आत्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सगळ्यांचंच ते पिवळं कापड, पण फोर्टुनाटानं दार-एस-सलामच्या शिंप्याकडून खांदे उघडे ठेवून शिवून घेतलं होतं. "दारला कापड कमी पडलं का गं?"

"फॅशन आहे, आत्या."

"असेल. इथे वारा आहे. कागद आणलेस?"

फोर्टुनाटाला हसू आलं. येताना सातशे किलोमीटर ती मनात भाषण जुळवत आली होती: यंत्र म्हातारं झालंय, दादाला रक्तदाब आहे, आत्याला आराम हवा. इथे भाषणाची गरजच नव्हती.

"तुला वाईट नाही वाटणार? तुझ्या हातानं उभी राहिलेली..."

"लोखंडावर कसलं आलंय प्रेम? मला फरशीचं घर हवंय आणि आत संडास. गुडघे दुखतात." आत्यानं दुसरा मोजा ओढला. "तुझ्या साहेबांचं नाव काय?"

"तारिमो. लुडोविक तारिमो. उत्तरेकडचे, मोशीचे आहेत. माणूस चांगला आहे."

"चांगला आहे की तुला बढती देणार आहे?"

"दोन्ही," फोर्टुनाटा म्हणाली. खोटं बोलायला आत्यासमोर तिला कधी जमलं नव्हतं.

अकरा वर्षं ती कंपनीच्या खरेदी विभागात होती. हा प्रस्ताव तिनंच वर पाठवला होता, आणि दादाचं भलं व्हावं म्हणूनच पाठवला होता, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. बढती त्यात आपोआप आली. एक गोष्ट मात्र तिनं दादाला सांगितली नव्हती, कारण ती कंपनीच्या आतली गोष्ट होती आणि तिनं ती तिथेच ठेवली होती.

*

तारिमो साहेब उंच, हसरे आणि खाण्याचे शौकीन निघाले. अख्खा भाजलेला बोकड फुलांनी सजवून मांडवात आणला तेव्हा ते वाजंत्र्यांच्या मागोमाग नाचत दोन फेऱ्या मारून आले, आणि घरच्या कोंबडीचा रस्सा त्यांनी तीनदा मागून घेतला.

"दारला अशी कोंबडी मिळत नाही," ते एमिलियानाला म्हणाले. "जाताना चार घेऊन जाणार आहे. जिवंत."

"कोंबड्या न्या," एमिलियाना वाढता वाढता म्हणाली. "गिरणी राहू द्या."

विल्ब्रॉडचा घास तोंडातच राहिला. तारिमो मात्र हसले, त्यांनी हात पुसले आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

"स्कोलाच्या आई, तुम्हाला राग आलाय. पण मला एक सांगा. देशभर सूर्यफूल पिकतं, आणि दारच्या दुकानात तेल असतं जहाजातून आलेलं. का? कारण आपण सगळे पत्र्याच्या शेडमध्ये एकेक घाणा घेऊन बसलोय. तुमच्या तेलाला आज रंग असतो एक, उद्या दुसरा. बाटली दुसऱ्याच्या नावाची. असं तेल परदेशी सोडा, दारच्या मोठ्या दुकानातसुद्धा कोणी ठेवत नाही. मोठा कारखानाच हे करू शकतो."

"तुमच्या कारखान्यात माणसं किती?"

"दोनशे दहा."

"या भागात बारा गिरण्या आहेत. हमाल, मिस्त्री, पेंड नेणारे, पोती शिवणाऱ्या बायका, त्या सगळ्यांना दुपारचं जेवण विकणाऱ्या बायका. मी एकदा मोजले होते. तीनशेच्या वर भरले." तिनं त्यांच्या ताटात आणखी एक तंगडी टाकली. "आणि तुमच्या काट्यावर कमीत कमी किती बी लागतं?"

"पन्नास किलो."

"माझ्याकडे बायका टोपलीत तीन किलो घेऊन येतात. मी तेल काढून देते, पेंड ठेवून घेते. ती बाई संध्याकाळी घरी कालवण करते. तुम्ही तिला काय देणार?"

"काही नाही," तारिमो प्रामाणिकपणे म्हणाले. "पण तीन किलोवाल्या बाईला तुम्ही ऑक्टोबरनंतर काय देता?"

मघाशी एमिलियानाचा नवराही ऑक्टोबराबद्दलच बोलला होता. माणूस खोटं बोलत नव्हता. तिनं पातेलं उचललं आणि ती पुढच्या रांगेकडे वळली. तिला वाटलं, आपण हरलो.

शेवटच्या रांगेत बोनिफास बसला होता. आत्यानं निक्षून सांगितलं म्हणून त्याला बोलावणं गेलं होतं, आणि आत्याला नाही म्हणता येत नाही म्हणून तो आला होता. एमिलियाना वाढायला वाकली तेव्हा तो हळूच म्हणाला, "वहिनी, जे झालं ते चांगलं झालं. मनापासून म्हणतो."

"काय झालं?"

"दादानं मंगळवारी सही केली ना. तारिमो साहेबांनीच सांगितलं. म्हणाले, मोठ्या न्तांडूंनी सही केली, आता तुम्ही एकटे राहून काय करणार? मी म्हटलं, खरं आहे. उद्या मीही करतोय."

एमिलियानानं पातेलं खाली ठेवलं.

"भावोजी," ती म्हणाली, "हा भात पुढे वाढा. मी आलेच."

*

कोठीच्या खोलीत विल्ब्रॉड, एमिलियाना, फोर्टुनाटा आणि आत्या अशी चौघं जमली. बाहेर सूत्रसंचालक माइकवरून स्कोलाच्या शाळेतले मार्क वाचून दाखवत होता आणि प्रत्येक विषयाला ढोल वाजत होता.

"मी कुठे सही केलीय?" विल्ब्रॉड म्हणाला. "आणि मला तर साहेब म्हणाले की बोनिफासची सही झालीय. म्हणून तर मी... समोरचा गेला, आता आपण एकटे काय करणार, असं वाटलं मला."

"साहेब असं म्हणाले?" फोर्टुनाटानं विचारलं.

"फोनवर. गेल्या सोमवारी."

फोर्टुनाटा तेलाच्या डब्यावर बसली. पिवळ्या कापडाला डाग पडेल, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"तुला माहीत होतं?" एमिलियानानं विचारलं. आवाज चढला नव्हता, पण फोर्टुनाटाला तो लागला.

"नाही, वहिनी. बोनिफासकडे जाणार आहेत हेसुद्धा मला माहीत नव्हतं."

"मग एवढं सगळं कशासाठी?" आत्यानं विचारलं. ती पोत्यावर पाय लांब करून बसली होती. "कंपनीकडे एवढा मोठा कारखाना आहे. आमचा हा खडखडणारा घाणा घेऊन ती काय करणार?"

फोर्टुनाटानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. बाहेर गणिताच्या मार्कांवर ढोल वाजला, मग थांबला.

"मोडीत काढणार," ती म्हणाली. "घाणा नकोच आहे त्यांना. कारखाना वर्षातले नऊ महिने बंद असतो, दादा. बी मिळत नाही. तू सात महिने खुर्चीत बसतोस ना, तसे आमच्याकडे नऊ महिने दोनशे माणसं बसतात. जास्त भाव देऊनही शेतकरी निम्मं बी इथेच आणतात. शाळेच्या फीला पैसे लागले तर काटा देत नाही, दादा देतो. म्हणून त्यांना दादा हवाय. दादा केंद्रावर उभा राहिला की मागून शेतकरी येतील."



"म्हणजे ते उपाशी आणि आपणही उपाशी," एमिलियाना म्हणाली, "आणि एकाच ताटावर भांडतोय."

"बी वाढलं पाहिजे," विल्ब्रॉड हळूहळू म्हणाला. बी हा विषय निघाला की त्याचा आवाज बदलत असे. "लोक वर्षानुवर्षं घरातलंच बी पेरतात. फूल थाळीएवढं, आत निम्मं पोकळ. चांगलं बियाणं दिलं तर त्याच शेतात दुप्पट निघेल."

"कंपनीकडे आहे ते बियाणं," फोर्टुनाटा म्हणाली. "गोदामात पडून आहे. वाटायला माणसं नाहीत."

"वाटायला माणसं आपल्याकडे आहेत." एमिलियाना दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती. "आणि पिळायला घाणे आहेत. आपण पिळू, त्यांनी तेल रिफाइन करावं, बाटलीत भरावं. बी कशाला नेतात सातशे किलोमीटर? तेल न्यावं."

"एका घाण्याचं तेल नेत नाही कंपनी. दर आठवड्याला एक टँकर भरला पाहिजे. वीस टन. त्याला एक न्तांडू पुरणार नाही, वहिनी."

"बारा पुरतील?"

"बारा पुरतील. पण बारा जण एक झाले तर. त्यात पहिला लागेल समोरचा."

सगळ्यांनी विल्ब्रॉडकडे पाहिलं. त्याला एकदम खिशातलं पेन टोचायला लागलं.

"आत्या, तू सही करणार होतीस," तो म्हणाला.

"होते. फरशी अजूनही हवी आहे मला. पण माझ्या दोन भाच्यांना एकमेकांचं नाव सांगून कोणी फसवलं, तर त्याला मी सही देत नाही." तिनं हात पुढे केला, फोर्टुनाटानं तिला उभं केलं. "जा. पंगत उठायच्या आत जा."

"मी त्याला काय म्हणू?"

"ते तुझं तू बघ. चौदा वर्षं गप्प बसलायस, शब्द शिल्लक असतील."

*

बोनिफास न्तांडू मांडवातून उठून केव्हाच आपल्या ओट्यावर जाऊन बसला होता. वहिनीनं भाताचं पातेलं हातात दिल्यावर त्यानं इमानदारीनं दोन रांगा वाढल्या. मग आपल्याला कोणी काही विचारेल अशी भीती वाटून तो निघून आला. आपण काहीतरी चुकीचं बोललो, एवढं त्याला कळलं होतं.

म्हणून रस्ता ओलांडून विल्ब्रॉड येताना दिसला तेव्हा तो उभा राहिला. आधी वाटलं, मारायला येतोय. मग पाहिलं तर दादाच्या हातात केकची बशी होती. रस्ता रुंद नव्हता, तीस पावलं. मध्येच एक ट्रक आला, विल्ब्रॉड बशी छातीशी धरून मागे सरला, पुन्हा निघाला. बोनिफासला लहानपणी एका चटईवर शेजारी झोपणारा हा भाऊ आठवला, जो रस्ता ओलांडताना कायम दोन पावलं मागे यायचा.

"स्कोलानं दिलाय," विल्ब्रॉड ओट्याशी येऊन म्हणाला.

"बस."

विल्ब्रॉड बसला. त्यानं गिरणी नीट पाहिली. घाणा हिरव्या रंगानं रंगवला होता.

"मोटर कुठली?" त्यानं विचारलं.

"तीच."

चौदा वर्षांपूर्वी दोघांच्या बापांनी वाटणी केली तेव्हा एकाला घाणा मिळाला, दुसऱ्याला मोटर. मग चार महिने ते दोघे सख्खे भाऊ आपापल्या शेडमध्ये अर्धं यंत्र घेऊन बसले, आणि शेवटी दोघांनी कर्ज काढून उरलेलं अर्धं विकत घेतलं. सिंगिडाच्या बाजारात ही गोष्ट अजून सांगत.

"अजून चालते?"

"तुझ्या घाण्यापेक्षा चांगली."

"मी सही केलेली नाही, बोनिफास. तारिमोंनी मला सांगितलं, तू केलीस."

बोनिफासनं केकचा तुकडा तोंडात टाकला होता. तो त्याला गिळता येईना. मग त्याला हसू आलं. पहिल्यांदा नाकातून, मग पोटातून. विल्ब्रॉड काही वेळ गंभीर राहिला, पण त्यालाही राहवेना. ओट्यावर ते दोघं जाडजूड, पन्नाशीला टेकलेले पुरुष डोळे पुसत हसत होते, आणि समोर मांडवातली माणसं उठून उठून पाहत होती.

"त्या माणसानं चार कोंबड्या मागितल्यात," विल्ब्रॉड म्हणाला.

"माझ्याकडून सहा."

मग विल्ब्रॉडनं सगळं सांगितलं: टँकर, बियाणं, बारा गिरण्या. सांगताना अडखळला, कारण शेवटचं वाक्य त्याला आजवर कोणाला म्हणावं लागलं नव्हतं. "तुझ्याशिवाय होणार नाही," तो म्हणाला.

बोनिफासनं बशी पुसून ठेवली.

"तेलाचा रंग सारखा आला पाहिजे," तो म्हणाला. "तू बी भाजतोस जास्त. नेहमीच भाजायचास."

"मी जास्त भाजत नाही."

"दादा, रस्त्याच्या पलीकडून वास येतो."

विल्ब्रॉडनं श्वास घेतला, सोडला. "बरं," तो म्हणाला. "कमी भाजीन."

*

तारिमो साहेबांना त्यांनी कोठीच्या खोलीतच बोलावलं. दोन्ही न्तांडू एका बाकावर शेजारी बसलेले पाहिले आणि साहेबांना काय ते समजलं. त्यांनी टाय सैल केला.

"मी दोघांनाही थोडं पुढचं सांगितलं," ते म्हणाले. "पूर्ण खोटं नव्हतं. होणारच होतं, असं मला वाटत होतं."

"आमच्याकडे त्याला खोटंच म्हणतात, बाळ," आत्या म्हणाली. "मोशीत काय म्हणतात?"

"मोशीतही खोटंच म्हणतात, आत्या," तारिमो म्हणाले. "चुकलो."

फोर्टुनाटा उभी राहिली. साहेबांसमोर तिनं आजवर फक्त त्यांना हवे ते आकडे मांडले होते.

"साहेब, गिरणी मिळणार नाही. पण आठवड्याला एक टँकर मिळेल. बी आपण सातशे किलोमीटर नेतो, त्यातलं निम्म्याहून जास्त वजन पेंड आणि टरफल असतं. डिझेल जाळून आपण टरफल नेतो. तेल नेलं तर तीन ट्रकच्या जागी एक टँकर लागेल. आणि गोदामातलं बियाणं हे बारा जण दोन महिन्यांत गावोगाव पोहोचवतील; आपल्याला तीन वर्षांत जमलं नाही."

"हे तू वर लिहिशील?" तारिमोंनी विचारलं.

"लिहीन. माझ्या नावानं."

"बढती जाईल, फोर्टुनाटा."

"जाऊ दे. खांदे झाकायला कापड विकत घेईन एवढा पगार आहे."

आत्या मोठ्यानं हसली. तारिमो फोन घेऊन बाहेर गेले. मांडवात नाच सुरू झाला होता. त्यांनी एक कान बोटानं बंद केला आणि मोकळ्या पोत्यांपाशी येरझाऱ्या घालत ते अर्धा तास बोलत राहिले. एकदा त्यांचा आवाज चढला. एकदा ते नुसतेच मान हलवत उभे राहिले. परत आले तेव्हा कपाळावर घाम होता.

"एक हंगाम," ते म्हणाले. "फक्त एक. जूनच्या पहिल्या आठवड्यात पहिला टँकर. तेल तपासून घेतलं जाईल, खराब असेल तर परत. खरेदी केंद्र चालूच राहील, ते बंद करायचा अधिकार मला नाही. आणि बारा माणसांशी बारा करार कंपनी करणार नाही. एक नाव द्या."

विल्ब्रॉडनं बोनिफासकडे पाहिलं. बोनिफासनं छताकडे पाहिलं.

"याचं नको," दोघं एकाच वेळी म्हणाले.

मग दोघांनीही एकाच वेळी दाराकडे पाहिलं. तिथे एमिलियाना कमरेला फडकं खोचून उभी होती, सोड्याच्या रिकाम्या बाटल्या मोजत.

"मी?" ती म्हणाली. "मला मागे भांडी घासायची आहेत."

"भांडी घासायला आज तीस बायका आहेत," आत्या म्हणाली. "तू इकडे ये. विल्ब्रॉड, तिला पेन दे."

एमिलियानानं फडक्याला हात पुसले. ती बसली, पण तिनं पेन उचललं नाही. तिनं तारिमोंच्या वहीचं एक कोरं पान मागून घेतलं.

"पन्नास किलोच्या खालचं बी आमच्याकडे येईल, तुमच्या केंद्रावर नाही," ती म्हणाली. "हे आधी लिहा. मग नाव लिहिते."

तारिमोंनी लिहिलं.

*

सोमवारी सकाळी सहाला दोन्ही न्तांडू बोनिफासच्या मोटारसायकलवरून उरलेल्या दहा गिरण्यांकडे निघाले. विल्ब्रॉडची गाडी फोर्टुनाटाला स्टँडवर सोडायला गेली होती. मागच्या सीटवर तो भावाच्या कोटाला धरून बसला होता, आणि दोघांच्या वजनानं मागचं चाक दबलं होतं. रस्ता कुठला घ्यायचा यावरून पहिल्या वळणालाच जुंपली. तळ्याकाठचा चांगला, असं बोनिफास म्हणत होता. खडकांमधला जवळचा, असं विल्ब्रॉडचं म्हणणं. शेवटी तळ्याकाठच्या रस्त्यानं गेले; गुलाबी पक्ष्यांचा थवा पाण्यावरून उठला, पण भांडणाच्या नादात दोघांनीही तो पाहिला नाही.

पहिली गिरणी म्हाताऱ्या ग्वाऊची. घाणा चालू होता, ग्वाऊ तोंडाला कापड बांधून बी ओतत होता. फाटकातून आत येणारी मोटारसायकल त्यानं पाहिली. चालवणारा कोण ते पाहिलं, मागे बसलेला कोण ते पाहिलं. त्यानं टोपली खाली ठेवली, यंत्राचा खटका ओढला, आणि घाणा घरघरत थांबेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि तो जड पावलांनी त्यांच्यापाशी आला.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"कोणी गेलेलं नाही," बोनिफास गाडी उभी करत म्हणाला. "चहा टाक. बसून बोलायचंय."